लिव्हरपूलचा भाव आणि जुन्नरचं खळं

जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं वीस किलोचं क्रेट दोन हजार रुपयांच्या वर गेलं. जुन्नर-आंबेगावातल्या काही घरांना त्या हंगामानं तारलं. सप्टेंबर उजाडला आणि त्याच टोमॅटोतून तोडणीची मजुरीही सुटेना. या भागातल्या कोणत्याही शेतकऱ्याला असा अनुभव नवा नाही. बाजार चढला की ती चढ त्याच्यापर्यंत उशिरा आणि थोडी थोडी येते. बाजार पडला की ती पड मात्र त्याच दिवशी, सगळीच्या सगळी त्याच्या पट्टीवर उतरते. असं का व्हावं?

दीडशे वर्षांपूर्वी हेच कोडं पुणे जिल्ह्यात फार मोठ्या प्रमाणावर घातलं गेलं होतं. १८६१ ते १८६५ या काळात मुंबईत कापसाचा भाव जवळजवळ चौपट झाला. त्यापाठोपाठ ज्वारी-बाजरी महागली, मजुरी वाढली, बैलांच्या किमती वाढल्या. शेतमालाला इतका भाव त्याआधी कुणाच्या आठवणीत नव्हता. आणि तरीही दहा वर्षांच्या आत, १२ मे १८७५ रोजी, भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची दुकानं फोडून कर्जाची खतं जाळली. पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत ते लोण पसरलं. भाव चढल्यावर शेतकरी सुधारायला हवा होता. तो बुडाला कसा?

‘व्यापाऱ्यांनी लुटलं’ किंवा ‘इंग्रजांनी लुटलं’ एवढं म्हणून हे कोडं सुटत नाही. लूट होतीच, पण ती कोणत्या वाटेनं झाली हे टप्प्याटप्प्यानं पाहावं लागतं. ती वाट समजली की आजच्या बाजाराकडेही अधिक डोळसपणे बघता येतं.

भाव कुठून निघतो आणि कुठे पोचतो?

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जुन्नरचा बाजार आपल्याच परिसरापुरता होता. माल बैलांच्या पाठीवरून नाणेघाटानं कल्याणकडे उतरायचा, किंवा मंचर-खेडवरून तीन-चार मुक्काम करत पुण्याला जायचा. वाहतूक इतकी महाग होती की बाजरीसारखं जड आणि स्वस्त धान्य फार लांब नेणं परवडत नसे. त्यामुळे जुन्नरला पीक चांगलं आलं की जुन्नरलाच धान्य स्वस्त व्हायचं, आणि पाऊस गेला की तिथेच महागायचं.

तेव्हा भाव सांगायची पद्धत आजच्या उलट होती. ‘शेराला किती पैसे’ असं कुणी विचारत नसे, ‘रुपयाला किती शेर’ असं विचारत. रुपयाला वीस शेर म्हणजे स्वस्ताई, दहा शेर म्हणजे महागाई. जुनी कागदपत्रं वाचताना हे ध्यानात ठेवावं लागतं, नाहीतर आकडे उलटेच समजतात.

मग वर्षामागून वर्ष अंतरं मोडत गेली. १८५८ मध्ये पुण्याला आगगाडी आली. १८६३ मध्ये बोरघाटाचा चढ रुळांनी जोडला गेला आणि मुंबई-पुणे सलग झालं. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला. १८७० मध्ये समुद्राखालच्या तारेनं मुंबई लंडनला जोडली गेली, आणि तिकडच्या बाजाराची बातमी काही तासांत इकडे कळू लागली. रॅली ब्रदर्स, फोल्कार्ट ब्रदर्स अशा निर्यातदार पेढ्यांचे दलाल मोठ्या बाजारपेठांत बसू लागले. जुन्नरला आगगाडी कधीच आली नाही. पण तळेगाव आणि पुण्याची स्टेशनं गाडीवाटेनं जवळ होती, तेवढ्यानं इथला भाव दूरच्या भावाला बांधला गेला.

लिव्हरपूलसारख्या परदेशातल्या बंदरात ठरलेल्या भावातून वाटेत काय काय वजा होत असे? जहाजाचं भाडं आणि विमा, निर्यातदाराचा नफा, मुंबईतल्या दलालाची दलाली, रेल्वेचं भाडं, पुण्याच्या अडत्याची अडत, गाडीवानाचं भाडं आणि शेवटी गावच्या वाण्याचा किंवा सावकाराचा वाटा. हे सगळं जाऊन जे उरेल तो खळ्यावरचा भाव.

कुकडीच्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला हे लगेच कळेल. धरणातून पाणी जास्त सोडलं तरी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला ते उशिरा आणि कमी मिळतं, कारण वाटेत प्रत्येक जण आपली दारं उघडून बसलेला असतो. वरून पाणी कमी झालं की मात्र कोरडं पडतं ते आधी टेलचंच शेत. भावाच्या या वाटेवर जुन्नरचा बाजरीवाला शेतकरी टेलला होता. वाटेतल्या प्रत्येकाचा खर्च आणि नफा जवळपास ठरलेला असल्यामुळे बंदरातला भाव रुपयानं उतरला तर ती घट कुणीही स्वतःच्या अंगावर घेत नसे. ती मागे ढकलली जायची, आणि ज्याच्या मागे कुणीच नाही त्याच्या अंगावर पडायची.

अमेरिकेतलं युद्ध आणि बाजरीची महागाई

इंग्लंडमधल्या कापडगिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून यायचा. १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली आणि गिरण्यांना कापूस मिळेना. इंग्लंडनं भारताकडे तोंड वळवलं. मुंबईत युद्धाआधी पौंडाला अडीच-तीन आणे असलेला कापसाचा भाव १८६४ मध्ये अकरा आण्यांच्या वर गेला.

जुन्नर-आंबेगाव हा काही कापसाचा मुलूख नव्हता. इथली मुख्य पिकं बाजरी, ज्वारी, गहू आणि हरभरा, तर पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यात भात, नाचणी आणि वरई. मग कापसाच्या भावाचा इथे संबंध काय? संबंध तीन वाटांनी आला. खानदेश, वऱ्हाड, धारवाडकडे शेतं कापसाखाली गेली, तिथे धान्याचा पेरा घटला आणि बाहेरच्या धान्याला मागणी आली. रेल्वेची आणि रस्त्यांची कामं जोरात असल्यामुळे मजुरी वाढली, गाड्या आणि बैल महागले. आणि कापसाच्या बदल्यात मुंबईत चांदीचा लोंढा आला. बाजारात रुपये वाढले, माल तेवढाच राहिला, त्यामुळे सगळ्याच वस्तूंचे भाव चढले. ज्यानं कापसाचं एक बोंडही पिकवलं नाही त्याची बाजरीही या मार्गानं महाग झाली.

एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या मुख्य सैन्यानं शरणागती पत्करली. मुंबईतला सट्टा त्या उन्हाळ्यात कोसळला आणि बँका व कंपन्या बुडाल्या. धान्याचे भाव लगेच पडले नाहीत, कारण मधली काही वर्षं पावसानं ओढ दिली होती. १८७० नंतर मात्र ते झपाट्यानं उतरले.

तात्पुरता भाव, कायमचं ओझं

आता कोड्याच्या मुळाशी येऊ. भाव चढता असताना दोन गोष्टी घडल्या. दोन्ही त्या चढत्या भावाच्या हिशेबानं ठरल्या आणि भाव उतरल्यावर दोन्ही तशाच राहिल्या.

पहिली गोष्ट शेतसाऱ्याची. मुंबई इलाख्यात रयतवारी पद्धत होती. प्रत्येक खातेदारानं आपल्या जमिनीचा सारा रोख रकमेत सरकारात भरायचा आणि तो दर तीस वर्षांसाठी ठरलेला असायचा. इंदापूर तालुक्याची १८३६ ची ठरावणी संपून १८६७ मध्ये फेरठरावणी झाली, ती नेमकी तेजीच्या दिवसांत. धान्य महागलंय, रेल्वे आलीय, म्हणजे रयत जास्त भरू शकते, असा हिशेब करून सारा साधारण दीडपट केला गेला. मग एकेका तालुक्यात फेरठरावणी होत गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं गावोगावची माहिती गोळा करून या वाढीविरुद्ध आवाज उठवला. १८७४ मध्ये सरकारला वाढीवर मर्यादा घालावी लागली: एका तालुक्यात ३३ टक्के, एका गावात ६६ टक्के आणि एका खात्यावर १०० टक्के, याहून अधिक नाही. सवलत म्हणून दिलेली मर्यादासुद्धा एखाद्याचा सारा दुप्पट करायला मोकळीक देत होती, यावरून आधी काय चाललं असेल ते कळतं.

दुसरी गोष्ट कर्जाची. तेजीत जमिनीची आणि पिकाची किंमत वाढली, तसा सावकाराचा हात सैल झाला. नव्या कायद्यांनी जमीन विकता येऊ लागली होती आणि दिवाणी कोर्टातून तिची जप्ती आणता येत होती. त्यामुळे जमीन हे भक्कम तारण झालं. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जाचा दावा तीन वर्षांत लावायची अट घातली. हेतू होता रयतेला जुन्या कर्जांतून सोडवण्याचा. झालं उलटं. दर तीन वर्षांनी सावकार नवं खत लिहून घेऊ लागला, आणि थकलेलं व्याज दर वेळी मुद्दलात मिसळू लागलं.

सारा रुपयांत, कर्ज रुपयांत आणि हातात येणारं पीक मात्र शेरांत. भाव उतरला की तेवढेच रुपये उभे करायला जास्त शेर विकावे लागतात. रुपयाला दहा शेर भाव असताना वीस रुपयांचं देणं म्हणजे दोनशे शेर. भाव रुपयाला वीस शेर झाला की तेच देणं चारशे शेरांचं. खतावरचा आकडा तोच राहिला, तरी खळ्यावरचं ओझं दुप्पट झालं. १८७५ च्या उठावात लोक माणसांच्या जिवावर क्वचितच उठले. त्यांना कागद हवे होते. त्या कागदांतल्या आकड्यांनी त्यांना कसं बांधलंय, हे त्यांना पुरतं कळलेलं होतं.

सुगीत विकणं आणि आषाढात विकत घेणं

आता असा एक हिशेब करू, ज्यात जगाचा भाव जराही हललेला नाही. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

समजा कार्तिकात बाजरी खळ्यावर आली. सगळ्यांचीच एकदम आली, म्हणून भाव रुपयाला वीस शेर. साऱ्याचा हप्ता सुगीमागोमाग भरायचा आहे आणि सावकारही दारात उभा आहे. घरी खायला ठेवायची शंभर शेर बाजरीही विकावी लागली, तिचे आले पाच रुपये. आषाढ लागला, कणगी रिकामी झाली. आता बाजारात धान्य कमी, भाव रुपयाला चौदा शेर. तीच शंभर शेर बाजरी परत आणायला लागले सुमारे सात रुपये दोन आणे. हे पैसे घरात नाहीत, म्हणून दरमहा शेकडा दोन व्याजानं काढले. पाच महिन्यांनी पुन्हा सुगी आली तेव्हा देणं झालं सुमारे सात रुपये साडेतेरा आणे. भाव पुन्हा रुपयाला वीस शेर. तेवढे रुपये उभे करायला विकावी लागली जवळजवळ १५७ शेर बाजरी.

शंभर शेर विकून शंभरच शेर परत आणले, आणि त्यापायी १५७ शेर गेले. लंडन, लिव्हरपूल, मुंबई, कुठेही भाव पैशानं कमी झाला नव्हता. सुगीतला स्वस्त भाव शेतकऱ्याला आणि आषाढातला महाग भावही शेतकऱ्यालाच, कारण कधी विकायचं हे त्याच्या हातात नव्हतं. ज्याच्याकडे साठवायला जागा आणि थांबायला पैसा होता, त्याला दोन्ही भावांतला फरक मिळाला.

या लेखाचं सार मला इथे दिसतं. शेतकऱ्याला काय मिळतं, हे जगाच्या भावाइतकंच त्यानं विकायची वेळ कोण ठरवतो यावर अवलंबून असतं.

जुन्नरची कुळं आणि जांभोरीचा होन्या

जुन्नर आणि आंबेगावात (तेव्हा आंबेगाव हा खेड तालुक्याचाच पोटभाग होता) या हिशेबाला दोन वेगवेगळी उत्तरं मिळाली.

डोंगरपट्ट्यात महादेव कोळी समाजातले जांभोरीचे होन्या भागोजी केंगले १८७३ पासून सावकारांविरुद्ध उठले. त्यांच्या टोळ्यांनी सावकारांची घरं लुटली, खतं ताब्यात घेतली. मेजर डॅनियलच्या पोलिसांनी १८७६ मध्ये त्यांना पकडलं. मैदानातला १८७५ चा उठाव आणि डोंगरातलं हे बंड यांच्यामागे एकच कारण होतं.

दुसरं उत्तर दहाएक वर्षांनी आलं. १८८४ च्या सुमारास जुन्नर भागातल्या कुळांनी एकजूट करून सावकार-जमीनदारांची जमीन कसायचं नाकारलं. खंड कमी होईपर्यंत जमीन पडीक राहील, असा तो निर्धार होता. जोतीराव फुले आणि सत्यशोधक कार्यकर्ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ओतूर-जुन्नर हा सत्यशोधक चळवळीचा मोठा आधार होता. फुल्यांनी १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सारा, नोकरशाही, सावकारी आणि परदेशी माल यांचा एकमेकांशी असलेला संबंध उलगडून दाखवला आहे. शेतकऱ्याच्या गरिबीकडे एकच एक कारण म्हणून न बघता पूर्ण व्यवस्था म्हणून बघायला त्यांनी महाराष्ट्राला शिकवलं.

रुमालाखालची बोटं

सावकाराच्या हातून सुटून जो शेतकरी आपला माल स्वतः पेठेत घेऊन जायचा, त्याची वाटही सोपी नव्हती. जुन्या बाजारांत सौदा ‘हत्ता’ पद्धतीनं व्हायचा. अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर बसत, हातावर रुमाल किंवा उपरण्याचा पदर टाकत आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगत. एक बोट धरलं, दोन धरली, पंजा धरला, प्रत्येकाचा अर्थ ठरलेला. चेहऱ्यावर काही दिसत नसे, तोंडातून शब्द निघत नसे. माल ज्याचा, तो शेजारी उभा राहून फक्त हलणारा रुमाल बघायचा. सौदा झाल्यावर त्याला आकडा कळायचा. तो आकडा खरा की मधे कुणी काही ठेवून घेतलं, हे पडताळायला त्याच्याजवळ काहीच साधन नव्हतं.

मग पट्टी बनायची, म्हणजे त्याला मिळणाऱ्या पैशांचा हिशेब. त्यातून अडत, हमाली, तोलाई कापली जायची. वर नमुना म्हणून मूठभर धान्य, घट म्हणून काही शेर आणि धर्मादाय म्हणून काही पैसे. देवळाला किंवा गोशाळेला दान द्यायचं व्यापाऱ्यानं ठरवलेलं असे, पैसे मात्र शेतकऱ्याच्या पट्टीतून जात. मापं पेठेपेठेला वेगळी, त्यामुळे एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराशी जुळत नसे.

लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही कृषी आयोगानं १९२८ च्या अहवालात देशभरच्या बाजारांतले असे प्रकार नोंदवले आणि नियंत्रित बाजारांची शिफारस केली.

रुपया किती पेन्सचा?

आणखी एक गोष्ट शेतकऱ्याच्या नजरेआड घडत होती. लिव्हरपूलचा भाव पेन्समध्ये असायचा, शेतकऱ्याला मिळायचे रुपये-आणे. दोहोंमध्ये उभा होता हुंडणावळीचा दर, म्हणजे एका रुपयाला किती पेन्स हा हिशेब.

१८७० च्या सुमारास एका रुपयाला साधारण २३-२४ पेन्स मिळत. पुढे जर्मनीसारख्या देशांनी सोन्याचं चलन स्वीकारलं, अमेरिकेत चांदीच्या नव्या खाणी निघाल्या, चांदी स्वस्त झाली आणि चांदीचा रुपया घसरत १८९३-९४ पर्यंत १४-१५ पेन्सवर आला. १८९३ मध्ये सरकारनं लोकांसाठी टांकसाळी बंद केल्या आणि शतक संपता संपता रुपया १६ पेन्सला स्थिर केला. पहिल्या महायुद्धानंतर पुष्कळ उलथापालथ होऊन १९२७ मध्ये तो १८ पेन्सला बांधला गेला.

यानं शेतकऱ्याला काय फरक पडतो? समजा परदेशात पौंडभर कापसाला सहा पेन्स मिळतात. रुपया २४ पेन्सचा असेल तर ते झाले चार आणे. रुपया १६ पेन्सचा असेल तर सहा आणे. १८ पेन्सचा असेल तर पाच आणे चार पै. परदेशातला भाव तोच, पीक तेच, तरी दर बदलला की शेतकऱ्याची कमाई बदलते. रुपया १६ वरून १८ पेन्सला नेला की निर्यातीच्या मालाचे रुपये नवव्या हिश्शानं कमी होतात, सारा आणि कर्ज मात्र पूर्वीएवढंच राहतं. १९२६ च्या हिल्टन यंग आयोगात सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमत नोंदवून १६ पेन्सचा आग्रह धरला होता, आणि शेतकऱ्याचं नुकसान हा त्यांच्या म्हणण्यातला मोठा मुद्दा होता. त्यांचं ऐकलं गेलं नाही.

दोनच वर्षांत १९२९ ची जागतिक मंदी आली. पुढच्या तीन-चार वर्षांत देशात शेतमालाचे भाव जवळपास निम्म्यावर आले. १८७० च्या दशकातला हिशेब पुन्हा समोर आला: रुपयांतलं देणं तेवढंच, पण ते फेडायला दुप्पट पीक. १९३१ पासून देशभरच्या खेड्यांतल्या बायकांच्या अंगावरचं सोनं सोनारांमार्फत मुंबईला आणि तिथून लंडनला जाऊ लागलं. सरकारी आकडेवारीत ती सोन्याची निर्यात होती. त्या घरांत मात्र पिढ्यांची शिल्लक संपली होती.

हिरड्याची गोष्ट

जागतिक बाजाराशी थेट जोडलेलं जुन्नर-आंबेगावचं खास उत्पन्न म्हणजे हिरडा. भीमाशंकर-आहुप्यापासून जुन्नरच्या पश्चिमेपर्यंतच्या डोंगरांत हिरड्याची झाडं आहेत. फळात टॅनिन भरपूर असतं, आणि कच्चं कातडं कमावून त्याचं टिकाऊ चामडं करायला टॅनिन लागतं. विलायतेतल्या चामड्याच्या कारखान्यांना भारतातला हिरडा हवा असायचा आणि मुंबई हे त्याच्या निर्यातीचं मोठं बंदर होतं.

१८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलांतल्या उत्पन्नावर सरकारचा हक्क पक्का झाला. ज्या झाडांखाली पिढ्यानपिढ्या हिरडा वेचला, तिथला हिरडा वेचायला परवानगी लागू लागली. वेचणाऱ्या आदिवासी कुटुंबाच्या हातात मजुरी तरी पडायची किंवा वाण्याकडून मीठ, मिरची, धान्य मिळायचं. त्याच हिरड्याला विलायतेत काय भाव आहे, हे कळायची कोणतीच वाट डोंगरात नव्हती. इथे अडचण चढ-उताराच्याही आधीच सुरू होत होती. विकणाऱ्याला आपल्या मालाचा बाजारच दिसत नव्हता, मग घासाघीस करायची कशाच्या आधारावर? जुन्नर-आंबेगावातले हिरडा उत्पादक आजही एकत्र येऊन रास्त भाव मागतात, त्यामागे हा इतिहास आहे.

---

थोडक्यात

• जागतिक भावातून भाडं, दलाली, अडत आणि नफा वजा होऊन उरतो तो खळ्यावरचा भाव. मधल्यांचे खर्च ठरलेले असल्यामुळे घट शेवटी शेतकऱ्यावर येते.

• तेजीत ठरलेला सारा आणि घेतलेलं कर्ज मंदीतही तेवढंच राहतं. भाव निम्मा झाला की देण्याचं ओझं दुप्पट होतं.

• सुगीत विकावं लागणं आणि आषाढात विकत घ्यावं लागणं, यातच मोठं नुकसान आहे. जगाचा भाव स्थिर असला तरी ते होतं.

• रुपयाचा परकी चलनातला दर बदलला की परदेशात भाव न बदलताही शेतकऱ्याची कमाई बदलते.

• बाजाराची माहिती ज्याच्याकडे नाही, त्याला घासाघीस करता येत नाही.

---

उपाय कुठे पोचले, कुठे अडले?

या प्रत्येक दुखण्यावर काही ना काही उपाय झाला. खतांच्या जुलमावर १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या जिल्ह्यांत कोर्टाला खतावरचा आकडा बाजूला ठेवून मूळ कर्ज किती होतं ते तपासायचा अधिकार मिळाला. मापं आणि रुमालावर उपाय म्हणून नियंत्रित बाजार आले. वऱ्हाडात कारंजाला १८८६ मध्ये असा पहिला बाजार झाला, मुंबई इलाख्यात कापसासाठी १९२७ मध्ये आणि सर्व शेतमालासाठी १९३९ मध्ये कायदा झाला. महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा १९६३ चा. उघडा लिलाव, प्रमाणित काटा आणि छापील पट्टी ही आज साधी वाटतात, पण त्यांच्यासाठी दोन-तीन पिढ्या झगडल्या आहेत.

विकायच्या वेळेचा प्रश्न मात्र पुरता सुटला नाही. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. गोदामात माल ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं, भाव आल्यावर विकायचा. बाजरी-सोयाबीनला हे चालतं. कांद्याला चाळीमुळे काही महिने थांबता येतं. टोमॅटोला चार दिवसही थांबता येत नाही, म्हणून त्याच्या भावाचे हेलकावे सर्वांत क्रूर असतात. आणि ज्यानं कांदा चाळीत राखून थांबायची सोय केली, त्याच्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क आणि डिसेंबरात निर्यातबंदी आली. पेन्सच्या दरानं जे केलं तेच या निर्णयांनी केलं: बाहेर भाव असताना तो शेतकऱ्यापर्यंत पोचू दिला नाही.

म्हणून शेतमालाच्या भावाची बातमी वाचताना आकड्यावर थांबू नये. त्या भावात कुणाकुणाचा वाटा आहे, विकणाऱ्याचं देणं कधी ठरलं होतं, त्याला थांबायची सोय आहे का आणि बाजाराची दारं मधेच बंद करायचा अधिकार कुणाला आहे, हे चार प्रश्न विचारावेत. सुप्याच्या आणि जुन्नरच्या शेतकऱ्यांनी हेच प्रश्न आपापल्या पद्धतीनं विचारले होते. चांगला भाव मिळणं हा नशिबाचा भाग असू शकतो. आपला माल आपण ठरवू तेव्हा विकता येणं हा मात्र शेतकऱ्याचा हक्क आहे, आणि तो गोदामं, स्वस्त कर्ज, प्रक्रिया उद्योग आणि स्थिर धोरण यांनी देता येतो. जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला तो अजून पुरता मिळायचा आहे.